परवाना गेला नव्हता!

(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मी काही या विषयातली जाणकार नव्हे. पण माझ्यावर आलेला प्रसंग ऐकून एखाद्या भगिनीचे पैसे वाचतील, म्हणून चार शब्द बोलते.

मंडळाच्या भिशीचा आणि पापड-मसाल्यांचा जमाखर्च माझ्या लॅपटॉपवर असतो. तो सारखा अडू लागला, म्हणून एका दुकानदाराकडून विंडोज ११ नव्याने घालून घेतले. घरी येऊन पाहते तो पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली अक्षरे, 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज'! दुकानदार म्हणाले, "बाई, परवाना गेला. नवा घ्या." मंडळाच्या शिलकेला हात लावायचा, या विचाराने मला रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी सूनबाई आणि मी नीट शोध घेतला. शिधापत्रिका हरवली म्हणून काही यादीतले नाव जात नाही, तसेच हे. २०१२ साली विंडोज ८ आले, तेव्हापासून विंडोजसह विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्येच पंचवीस अक्षरी 'की' बहुधा साठवलेली असते. डिस्क पुसली तरी ती पुसली जात नाही. शिवाय २०१५ च्या विंडोज १० पासून यंत्राची खूण मायक्रोसॉफ्टकडेही नोंदलेली राहते.

मग अडले कुठे? 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'अ‍ॅक्टिव्हेशन' असे उघडले, तर तिथे 'विंडोज ११ प्रो'. खरेदीचे बिल काढले, तर त्यावर 'होम'! परवाना होमचा आणि घातले प्रो; जुळणार कसे?

सर्व हिशेब पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. होम पुन्हा घातले; की मागितली तिथे 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडला. इंटरनेट जोडले आणि थोड्या वेळात ती अक्षरे गेली. एक पैसा लागला नाही.

मदरबोर्ड बदलला तर मात्र खूण बदलते. म्हणून परवाना आधीच आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवावा. मग 'ट्रबलशूट'मध्ये यंत्राचा भाग बदलल्याचे सांगता येते. तेवढ्याने न भागल्यास लॅपटॉपच्या कंपनीला विचारावे. फुकटच्या 'क्रॅक'ला मात्र हात लावू नये. त्यातून चोर घरात शिरतो.

भगिनींनो, दागिन्याची पावती आपण जपतो, तशी लॅपटॉपचीही जपा. आणि कुणी 'परवाना गेला' म्हटले, तर पैसे काढण्याआधी ती पावती काढा!