ग्रीसला जाऊन काय पाहावे?



ग्रीससंबंधी बोलायचे तर या व्यासपीठावर एखादा इतिहासाचा प्राध्यापक हवा होता. मी कामगार चळवळीतला माणूस. सातवीनंतर शाळा सुटली आणि पुढचे शिक्षण पाळी संपल्यावर नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. ग्रीक भाषा मला येत नाही आणि ग्रीस मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. तरी चालकांनी हा विषय माझ्या गळ्यात घातला, त्याला एक निमित्त घडले. आमच्या संघटनेतल्या एका फिटरची मुलगी शिष्यवृत्तीवर परदेशी शिकते. या उन्हाळ्यात ती आपल्या प्राध्यापकांबरोबर ग्रीसच्या अभ्यासयात्रेला निघाली आहे. "काका, तिथं काय पाहू?" असे तिने मला विचारले. मी तिला जे सांगितले तेच आज जरा विस्ताराने आपल्यापुढे मांडतो.

या अभ्यासयात्रा म्हणजे नुसते पर्यटन नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. अथेन्समध्ये १८८१ साली अमेरिकन विद्यापीठांनी मिळून एक अभ्याससंस्था स्थापन केली. अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज हे तिचे नाव. प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थी उन्हाळ्यात तिच्यामार्फत ग्रीसभर हिंडतात. तिथली रीत मला फार आवडली. प्रत्येक विद्यार्थ्याने एक स्थळ आधी नीट वाचून यायचे आणि त्या दगडांपाशी उभे राहून बाकीच्यांना ते समजावून सांगायचे. आमच्या कामगार अभ्यासवर्गातही जो शिकतो त्यालाच दुसऱ्या आठवड्यात शिकवायला उभे करतात. ऐकलेले विसरते, सांगितलेले राहते.

पण सांगायचे काय, हा खरा प्रश्न आहे. अथेन्सला गेलेला माणूस पहिल्यांदा अक्रोपोलिस टेकडीवर चढतो. वर पार्थेनॉन उभे आहे. इ. स. पूर्वी ४४७ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि ४३२ पर्यंत मूर्तिकामासह पुरे झाले. पेरिक्लीस हा त्या काळचा नेता, इक्टिनोस आणि कॅलिक्राटीस हे वास्तुविशारद, फिडियास हा शिल्पकार. ही नावे प्रत्येक पुस्तकात असतात आणि ती असावीतच. परंतु शहरापासून सुमारे १६ किलोमीटरवरच्या पेंटेली डोंगरातून तो संगमरवर कोणी काढला, कोणी ओढून आणला आणि खांबांना त्या सरळ उभ्या पन्हळी कोणी पाडल्या, हे विचारणारा विरळा. आपल्याकडेही किल्ला राजाने बांधला आणि पूल साहेबाने बांधला असेच आपण म्हणत आलो. पाथरवटाचे नाव कोणी घेत नाही.

अथेन्सची गंमत अशी की तिथे या प्रश्नाला उत्तर मिळते आणि तेही त्याच टेकडीवर. पार्थेनॉनच्या उत्तरेला एरेक्थेयॉन नावाचे एक लहान देऊळ आहे. खांबांच्या जागी सहा स्त्रीमूर्तींनी छत तोललेले आहे, ते हेच. इ. स. पूर्वी ४०९ ते ४०७ या काळात त्याचे उरलेले काम झाले आणि त्या कामाचा जमाखर्च दगडावर कोरून लोकांसमोर उभा करण्यात आला. त्याचे तुकडे अथेन्सच्या शिलालेख संग्रहालयात जपलेले आहेत. आमच्या भाषेत बोलायचे तर ते दगडाचे मस्टर आहे. कोणी कुठल्या खांबावर काम केले, कोणी लाकूड कापले, कोणी सोन्याचा वर्ख विकला, कोणाला किती मिळाले, हे सारे नावानिशी त्यात नोंदले आहे.

संशोधकांनी त्या लेखांतली नावे मोजली. ज्यांचा दर्जा कळतो असे ८६ जण निघाले. त्यांत २४ नागरिक, ४२ बाहेरून येऊन वसलेले उपरे आणि २० गुलाम. मजुरी साधारणपणे दिवसाला एक द्राख्मा. आता पुढची गोष्ट नीट ऐका. वास्तुविशारदाला ३७ दिवसांच्या मुदतीचे ३७ द्राख्मा मिळाले, म्हणजे दिवसाला एकच द्राख्मा. करवत ओढणाऱ्याची रोजी आणि वास्तुविशारदाची रोजी सारखी! हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाला तेवढ्याच दिवसांचे ३० द्राख्मा ५ ओबोल मिळाले. सहा ओबोलांचा एक द्राख्मा, म्हणजे कारकुनाला रोज पाच ओबोल पडले, करवतवाल्यापेक्षा एक ओबोल कमी. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो होतो.

या द्राख्म्याशी आपलेही नाते आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत सोळा पणांचा एक द्रम्म सांगितला आहे. तो द्रम्म म्हणजे मूळचा ग्रीक द्राख्मा, आणि आपण 'घामाचे दाम' म्हणतो त्यातला दाम हा त्याच द्रम्माचा वंशज, असे भाषेचे जाणकार सांगतात.

परंतु सारखी रोजी पाहून एवढ्यात टाळ्या वाजवू नका. एकाच खांबाला पन्हळी पाडणाऱ्या टोळीत सिमियास नावाचा एक पाथरवट आहे आणि त्याच्या शेजारी त्याच्याच मालकीचे गुलाम काम करीत आहेत. लेखात मजुरी दोघांच्याही नावापुढे सारखीच. पण गुलामाच्या नावापुढचा द्राख्मा अखेर कोणाच्या कनवटीला गेला असेल? अभ्यासकांचे म्हणणे असे की तो धन्याच्याच हाती पडत असणार. काम एक, यंत्र एक, पाळी एक, आणि एकाच्या नावावरचा पैसा मात्र तिसऱ्याच्या खिशात! कंत्राटी कामगारांत ज्याने एक वर्षही काम केले आहे त्याला याची फोड करून सांगावी लागणार नाही. आमचा कंत्राटी कामगार गुलाम नाही. त्याला कायदा आहे, संघटना आहे, तो काम सोडून जाऊ शकतो. हा फरक फार मोठा आहे आणि तो रक्त आटवून मिळवलेला आहे. पण हिशेबाची ही तऱ्हा अडीच हजार वर्षांची जुनी आहे, हे ध्यानात असलेले बरे.

म्हणून माझे सांगणे असे की अभ्यासयात्रेतला एक संपूर्ण दिवस अक्रोपोलिस सोडून लॉरियनसाठी काढावा. अथेन्सच्या आग्नेयेला, सूनियॉनच्या प्रसिद्ध समुद्रदेवाच्या मंदिराकडे जाताना हा भाग लागतो. प्रवासी मंदिरापाशी सूर्यास्त पाहतात आणि परततात. त्या मंदिराच्या मागच्या डोंगरांत चांदीच्या खाणी होत्या. थोरिकोस येथे प्राचीन नाट्यगृहाला लागूनच खाणीचे तोंड आहे. आतले कित्येक बोगदे मीटरभरही उंच नाहीत. त्यांत माणूस उभा राहू शकत नाही, आडवा पडून किंवा गुडघ्यांवर सरपटत त्याला छिन्नी चालवावी लागे. आपला 'सुरुंग' हा शब्दही संस्कृतात ग्रीकातून आला असे मानतात. शब्द आपण घेतला, पण त्यात सरपटणारा माणूस आपल्या नजरेआडच राहिला.

याच चांदीवर अथेन्सची लोकशाही उभी राहिली, असे म्हटले तर ते फारसे चूक नाही. इ. स. पूर्वी ४८३ च्या सुमारास तिथे मोठा साठा लागला. दरडोई दहा द्राख्मा नागरिकांत वाटून टाकावे असा विचार चालला होता. थेमिस्टोक्लीसने सभेला पटवले की वाटणी नको, जहाजे बांधा. हिरोडोटस २०० जहाजे म्हणतो. तीन वर्षांनी, ४८० मध्ये, सालामिसच्या सामुद्रधुनीत याच आरमाराने इराणच्या सम्राटाचा पराभव केला. एकेका जहाजावर १७० वल्हेकरी, आणि त्यांतले पुष्कळसे गरीब नागरिक. ज्याच्या हातात वल्हे त्याच्या मताला किंमत, हे त्यानंतर अथेन्सला टाळता आले नाही. पुढे पेरिक्लीसने न्यायसभेत बसणाऱ्या पंचांना रोजचा भत्ता सुरू केला, तेव्हा हातावर पोट असलेला माणूसही तिथे बसू लागला. रोजी बुडवून कोणी लोकशाही चालवू शकत नाही, ही साधी गोष्ट अथेन्सकरांना त्या काळी कळली होती.

आणि चांदी काढणारे? झेनोफॉन सांगतो की निकियास नावाच्या श्रीमंत पुढाऱ्याने एक हजार गुलाम खाणीत भाड्याने दिले होते. माणशी दिवसाला एक ओबोल भाडे, आणि माणसांची संख्या कमी होऊ न देण्याची जबाबदारी कंत्राटदारावर. दिवसाला हजार ओबोल म्हणजे १६६ द्राख्मा आणि वर चार ओबोल, हे निकियासला घरबसल्या मिळत. संख्या कमी होऊ द्यायची नाही, या अटीचा अर्थ आपल्या लक्षात आलाच असेल. एक मेला की दुसरा आणून उभा करायचा. हे लोक थ्रेस, आशिया मायनर अशा ठिकाणांहून विकत आणलेले असत. त्यांनी आपले मत कधी नोंदवले नाही असे मात्र नाही. इ. स. पूर्वी ४१३ मध्ये स्पार्टाच्या सैन्याने अथेन्सजवळच्या डेकेलिया येथे तळ ठोकला, तेव्हा वीस हजारांहून अधिक गुलाम अथेन्सच्या मुलखातून पळून गेले, असे थ्युसिडिडीस लिहितो. त्यांतले पुष्कळसे हुन्नरी कारागीर होते. सभेत त्यांना हात वर करता येत नव्हता, म्हणून त्यांनी पायांनी मत दिले.

लॉरियनची कथा तिथेच संपत नाही. एकोणिसाव्या शतकात जुन्या खाणी पुन्हा सुरू झाल्या आणि १८९६ साली तिथल्या फ्रेंच कंपनीच्या खाणकामगारांनी संप केला. त्यात रक्त सांडले, सरकारने सैन्य धाडले. त्या कंपनीच्या जुन्या इमारतींत आता संशोधन आणि सांस्कृतिक कार्याचे केंद्र चालते. अभ्यासाला आलेल्या मुलांनी तिथे घटकाभर जरूर थांबावे. प्राचीन ग्रीस आणि आजचा ग्रीस यांच्यामधली वाट कुठे दिसत असेल तर ती इथे दिसते.

परत अथेन्सला आलात की अगोरा पाहा. अगोरा म्हणजे बाजारपेठ, कचेऱ्या आणि लोकांच्या उठण्याबसण्याचा चौक. मघाशी सांगितलेल्या अमेरिकन संस्थेने १९३१ पासून तिथे उत्खनन चालवले आहे. चौकाच्या कडेला एका चांभाराचे घर सापडले. पादत्राणांचे खिळे, हाडाच्या वाद्या ओवायच्या कड्या आणि 'सिमोन' हे नाव कोरलेला प्याल्याचा तुकडा! सॉक्रेटिस सिमोन नावाच्या चांभाराच्या दुकानात बसून चर्चा करी, अशी जुनी कथा आहे. तोच हा सिमोन असावा असे पुष्कळांना वाटते. तत्त्वज्ञान केवळ प्रासादात जन्मते असे ज्यांना वाटते त्यांनी ते खिळे पाहून यावेत.

याच अगोरातल्या एका विहिरीत शिशाचा एक लहानसा पत्रा सापडला. तो इ. स. पूर्वीच्या चौथ्या शतकातला आहे. शिसे हे लॉरियनच्या चांदीबरोबर निघणारे दुय्यम धातू, म्हणून स्वस्त. त्यावर लेसिस नावाच्या मुलाचे पत्र आहे. तो एका ओतशाळेत कामाला ठेवलेला आहे. आईला आणि झेनोक्लीस नावाच्या एका गृहस्थाला तो कळवतो की मी इथे मरायला टेकलो आहे, धनी दुष्ट आहे, चाबकाने मारतात, बांधून ठेवतात. मालकांकडे जाऊन माझी दुसरीकडे सोय लावा. तो गुलाम होता की उमेदवारी करणारा गरिबाचा पोर, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पत्र आईपर्यंत पोचले का, विहिरीत कसे पडले, त्या मुलाचे पुढे काय झाले, काहीच कळत नाही. मी तीस वर्षे कामगारांच्या तक्रारी लिहून घेत आलो आहे. एवढी कमी शब्दांत एवढी पुरी तक्रार मी क्वचितच पाहिली. पार्थेनॉनइतकेच हे पत्रही ग्रीक संस्कृती आहे.

आपण म्हणाल, 'अहो, ही यात्रा परवडणार कोणाला?' बरोबर आहे. विमानाचे भाडेच कामगाराच्या आवाक्याबाहेरचे. शिष्यवृत्त्या वाढल्या पाहिजेत, ही मागणी आपण करीत राहिले पाहिजे. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. लोणावळ्याजवळ कार्ल्याचे चैत्यगृह आहे. तिथल्या कित्येक खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत आणि त्यांत धेनुकाकटचे 'यवन' आहेत. हे सारे जन्माने ग्रीकच होते असे कोणी छातीठोक सांगत नाही, पण तो शब्द आपल्याकडे ग्रीकांवरूनच आला. त्याच लेण्यात दरवाज्याच्या कामापाशी धेनुकाकटच्याच सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. प्राध्यापकांनी आपली मुले तिथे न्यावीत, अगोदर वाचायला लावावे आणि सामीच्या नावापाशी उभे करून बोलायला लावावे. सामीचे नाव आपल्याला मिळाले, पण त्याची रोजी कोणी लिहून ठेवली नाही. तिथे एरेक्थेयॉनचा दगड आपल्या पुढे जातो.

तो दगड का कोरला गेला, हे शेवटी सांगतो. अथेन्समध्ये सार्वजनिक काम पाहणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला मुदत संपताच हिशेब द्यावा लागे. लोकांचा पैसा, म्हणून लोकांच्या डोळ्यांसमोर हिशेब. त्या व्यवस्थेत स्त्रियांना मत नव्हते, उपऱ्यांना नव्हते, गुलामांना तर माणूसपणही नव्हते. हे दोष झाकायचे कारण नाही. पण हिशेब उघडा ठेवण्याची जी शिस्त त्यांनी पाळली, तिच्यामुळेच आज आपण त्यांचे दोषही त्यांच्याच दगडांवरून वाचू शकतो. ज्या राज्याचा, ज्या कारखान्याचा, आणि मी आमच्या माणसांनाही सांगतो, ज्या युनियनचा हिशेब उघडा नसतो, तिथले गुण पुढच्या पिढीला कळत नाहीत आणि दोषही सुधारत नाहीत.

तेव्हा ग्रीसला जा, कार्ल्याला जा, नाहीतर आपल्याच गावच्या जुन्या धरणावर जा. तिथे तीन प्रश्न विचारा: हे कोणाच्या हातांनी झाले, त्यांना काय मिळाले, आणि हिशेब कुठे आहे? मार्गदर्शकाला उत्तर आले नाही तर रागावू नका. प्रश्न वहीत लिहून घ्या आणि परत आल्यावर शोधा.