खाडीतून पाहिलेले आपले गाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर चारचौघींत तोंड उघडले ते उखाणा घेण्यापुरते. पण चिटणीसबाईंनी "त्या दिवशीची हकीकत सांगाच" म्हणून गळ घातली, तेव्हा सांगते.

गेल्या माघात माझा भाचा आपल्या क्लबातली दहाबारा माणसे घेऊन देवबागेत आला. सुट्टीच्या दिवशी मिळून होड्या वल्हवायच्या, हाच त्या क्लबाचा उद्योग. होडीला कयाक म्हणतात. लांबट, अरुंद, दोघांपुरती. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाते. तळाला आरपार भोके पाहून मी म्हटले, "अरे, ही तर फुटकी!" तो हसला. बसायची जागा पाण्याच्या वर असते आणि वर आलेले पाणी त्या भोकांतून निघून जाते, अशी ती रचना. त्यांच्यातली एक मुलगी तापाने पडली, जागा रिकामी राहिली. "मामी, तू चल." आमचे हे वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "ह्या वयात?" सासूबाई मात्र म्हणाल्या, "जाऊ दे तिला. एक दिवस आमटी मी करीन."

माझे माहेर खाडीपलीकडचे. मी नऊ वर्षांची असताना माझा चुलतभाऊ ह्याच कर्लीच्या पाण्यात गेला. त्यानंतर आईने आम्हां मुलींना गुडघ्यापलीकडे कधी जाऊ दिले नाही. जन्म पाण्याकाठी गेला, पण मला पोहता येत नाही. इथे बसलेल्यांपैकी कितीजणींना येते?

त्या दिवशी दशमी होती. दशमीचे तीनचतुर्थांश साडेसात, म्हणजे साडेसाताच्या सुमारास पूर्ण भरती, हा हिशेब आपल्याला घरातच शिकवलेला. भाच्याच्या फोनने अर्धा-पाऊण तास आधीची वेळ सांगितली. पण ओहोटीबरोबर मुखाकडे जायचे आणि भरतीबरोबर परतायचे, ह्यात दोघांचे एकमत झाले. शिवाय दशमीला पाण्याला उधाणाचा जोर नसतो.

निघण्यापूर्वी छातीभर पाण्यात प्रत्येकाने होडी मुद्दाम उलटी करायची, असा त्यांचा नियम. मी लेकीचा पंजाबी ड्रेस घातला होता, वर तरंगण्याचे जाकीट. होडी कलंडली आणि डोक्यावरून पाणी गेले. त्या क्षणी मला माझा भाऊ आठवला, दुसरे काही नाही. जाकिटाने मला लगेच वर आणले. पण होडीत चढता येईना. दोनदा घसरले. तिसऱ्यांदा भाच्याने दुसरी होडी शेजारी लावून धरली आणि सांगितले, "पाय मार, पोट होडीवर टाक, मग वळ." एखाद्या मोठ्या सुरमईसारखी मी वर येऊन पडले. रडत होते, पण सगळेच ओले, त्यामुळे कोणाला कळले नाही.

मग वल्हवणे. पुढच्याने लय धरायची, मागच्याने ती सांभाळून होडी वळवायची. मी पुढे बसले. हाताने ओढू नको, कमरेतून वळ, असे तो सांगत होता. तरी तळहाताला फोड आलेच. खाडीत तिवरांच्या कडेने गेलो. ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूत बायका तिसऱ्या वेचत होत्या. एकीने ओळखले आणि ओरडली, "गो काकी, खंय चललंस?" मला उत्तर सुचेना. नुसते वल्हे उंच केले.

मुखाशी खाडी समुद्राला मिळते, तिथे उतरते पाणी आणि येणारी लाट यांची टक्कर होते. म्हणून वाळूच्या बेटावर थांबून पोळीभाजी खाल्ली. पाणी स्थिरावले, तेव्हाच बाहेर पडलो. उजवीकडे देवबाग, डावीकडे भोगवे. थोडे बाहेर जाऊन होडी वळवली आणि आपले गाव समोर आले. बायांनो, आपण राहतो ती पट्टी किती अरुंद आहे, हे मला तोवर माहीत नव्हते! टोकाशी माडांच्या फटींतून पलीकडच्या खाडीतल्या होड्यांची निशाणे दिसत होती. एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी आणि मध्ये ही वाळू. तिच्यावर आपली घरे, आपली मुले.

वारा सुटला, तशी भरतीने आम्हांला आत आणले. रात्री हात उचलत नव्हते. सासूबाईंनी तेल लावून दिले आणि विचारले, "भ्यालीस?" मी हो म्हटले. त्या म्हणाल्या, "मी तर कधी पाय पण नाही टाकला ग."

तेव्हा माझे एक मागणे आहे. पाऊस संपून खाडी निवळली की आठवड्यातून एक दिवस कमरेभर पाण्यात आपण तरंगायला शिकू या. जाकिटे मिळवून देण्याचे भाच्याने कबूल केले आहे. दशमी-एकादशीचे दिवस धरू, म्हणजे पाण्याला जोर नसेल. कपड्यांवरून कोणी हसले तर हसू द्या. वही चिटणीसबाईंकडे ठेवली आहे. पहिले नाव माझे आहे, दुसरे आमच्या सासूबाईंचे.