‘ताठ बस’ एवढ्याने पाठ सरळ होत नाही



मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी कारागिरांना पाहतो. भोपळा मांडीवर, मान खाली, पाठीला कमान. शिकलगार घराण्यांनी दीडशेहून अधिक वर्षं जपलेल्या या कलेला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कारागिराच्या पाठीचं काय, हे कोण विचारतो? तुमच्या हातात भोपळ्याऐवजी मोबाइल आहे, वाक तोच.

घरचे ओरडतात, “ताठ बस!” आपण दोन मिनिटं बसतो, पुन्हा वाकतो. छातीचे स्नायू आखडलेले, पाठीचे कमजोर; नुसत्या इच्छेनं काय होणार? आखडलेलं सैल करायचं आणि कमजोर ते बळकट, दोन्ही हवं. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून एक पाऊल पुढे टाका, छाती ताणू द्या, तीस सेकंद. मग पालथं झोपून, हातांचा आधार न घेता छाती थोडी उचला, दहा वेळा. रोज. फरक दिसायला महिना-दोन महिने लागतात. हाताला मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टर.

हे आपल्याकडे नवं नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत मुलामुलींना सूर्यनमस्कार घालायला लावले. औंध आज साताऱ्यात, त्याच संस्थानातली आटपाडी सांगलीत. मंत्र नको असेल त्यानं म्हणू नये. वाकणं आणि ताणणं कुणा एकाच्या मालकीचं नाही.

आपल्या मोहल्ल्यात मुलांना निदान तालीम तरी आहे. दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेल्या मुलींनी कुठं जायचं? शादीखान्याचा हॉल एरवी रिकामाच असतो. आठवड्यातून दोन दुपारी तो त्यांना मिळावा, ही मागणी मी कमिटीपुढे ठेवतोय. सही करायला कोण येतंय?