कातळाचे वय सांगणारी चिमुकली कवचे

विहीर खणताना आपण पाहिलेच असेल. वर माती, मग मुरूम, मग काळा कातळ. हा कातळ किती जुना, असे शाळेतल्या पोराने विचारले तर काय सांगाल? कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. त्या तापल्या रसात जीव कुठला राहणार? मग वयाची साक्ष द्यायची कोणी?

गावाजवळचे पांढरीचे टेकाड उकरताना वर शिवराई आणि खाली सातवाहनांचे नाणे सापडले, तर कोणता थर केव्हाचा हे उमगते. भूगर्भातही अशी नाणी आहेत. फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव असतात. त्यांतले काही समुद्रात तरंगतात. त्यांचे चुन्याचे कवच बहुधा खसखशीच्या दाण्याहूनही लहान. जीव मेला की कवच तळाच्या गाळात जाऊन बसते, आणि गाळाचा पुढे खडक होतो. प्रवाहाबरोबर हे जीव दूरवर पसरतात. त्यांच्या जाती काळानुसार बदलतात. लोपलेली जात पुन्हा येत नाही. म्हणून दूरदूरच्या दोन थरांत त्याच जातींचा मेळ सापडला, तर ते थर एका काळचे समजतात.

तेलासाठी खोल विहीर खोदताना खडकाचा चुरा वर येतो. तो भिजवून बारीक चाळणीत धुतात, वाळवतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने एकेक कवच वेचतात. इथे मात्र सावध राहावे लागते. वरचा चुरा ढासळून खालच्यात मिसळतो. म्हणून खाली जाताना एखादी जात पहिल्यांदा कुठे भेटली, यावर भर देतात. तो तिच्या शेवटाचा थर. शिवाय जुने नाणे नव्या माणसाच्या कनवटीला असावे, तसे जुने कवच वाहत येऊन नव्या गाळात पडते. तेव्हा एका कवचावर निकाल द्यायचा नाही. सगळा मेळ पाहायचा.

आता आपल्या कातळाकडे येऊ. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी आंध्रात राजमहेंद्रीला पोचते. तिथेही असाच काळा कातळ आहे. पश्चिमेकडचा लाव्हा सुमारे हजार किलोमीटर वाहत तिथे समुद्रकाठी गेला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तिथे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये समुद्राचा गाळ सापडतो. गेर्टा केलर, सुनील बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातली कवचे तपासून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. डायनोसॉर ज्या संहारात नाहीसे झाले, त्याच्या लगेच नंतरच्या काळातल्या चिमुकल्या जाती त्या गाळात आहेत. म्हणजे खालचा लाव्हा त्या गाळाच्या आधीचा, वरचा नंतरचा.

कवचे क्रम सांगतात, वर्षे नव्हेत. वर्षांचा आकडा किरणोत्सर्गी द्रव्यांच्या मोजणीतून मिळतो: तो संहार सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. मेक्सिकोत कोसळलेल्या अशनीबरोबर आपल्या लाव्ह्यानेही त्याला हातभार लावला का, हा वाद अजून मिटलेला नाही. संहाराआधी किती लाव्हा वाहिला आणि नंतर किती, यावर तो अवलंबून आहे. या खटल्यात आपला कातळ आरोपी, आणि ही कवचे साक्षीदार!

गुरुजींना एक विनंती. कोकणात गेलात तर पुळणीवरची मूठभर वाळू आणा आणि मुलांना चांगल्या भिंगातून दाखवा. शंखासारखी गुंडाळलेली बारीक कवचे नजरेस पडली, तर ती बहुधा याच कुळातली, तळाशी राहणाऱ्या जीवांची. मग कातळाचे वय विचारणाऱ्या पोराला उत्तराची वाट तुम्हीच दाखवू शकाल.