उंदराचा मेंदू आणि चुंबक

लोखंड गंजतें, तसाच प्राणवायूपासून मेंदूंतील पेशींनाही उपद्रव होतो. त्याचें निवारण करणारीं दोन प्रमुख द्रव्यें म्हणजे 'क' जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायोन. दुसऱ्याचें नामकरण हॉपकिन्स यांनीं १९२१ सालीं केलें.

रासायनिक रीतीनें हीं मोजावयाचीं, तर उंदीर मारावा लागतो. मग तोच उंदीर म्हातारपणीं पुन्हां तपासणार कसा? चुंबकीय अनुनादानें ही अडचण दूर केली. भूल दिलेला उंदीर प्रबल चुंबकांत ठेवितात, रेडिओलहरींनीं हायड्रोजनचे अणुगर्भ चेतवितात, आणि उमटणाऱ्या संकेतांवरून द्रव्यें ओळखतात. ग्लुटाथायोनचा क्षीण संकेत क्रिएटिनच्या मोठ्या संकेताआड दडतो. तो निवडून काढणें हेंच कौशल्य.

मात्र उंदीर 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतांत तयार करितो. मनुष्यास तें अन्नांतूनच मिळवावें लागतें. म्हणून उंदरावरील निष्कर्ष आपणांस जसाच्या तसा लावूं नये.