रोपं थोडी, पण जातींची



पंढरपूरजवळच्या पारधी वस्तीवरील झाडांसाठी आपण देणगी दिलीत, तिचा हिशेब द्यायला उभा आहे. आम्ही नुसती गिरिपुष्प लावली, तीही 3-3 फुटांवर. लवकर वाढते, शेळ्यांना पाला होतो, म्हणून. पहिल्या पावसाळ्यात हिरवंगार दिसलं, फोटोही छापले. तिसऱ्या उन्हाळ्यात निम्मी वाळली. चूक माझी.

वस्तीतल्या एका आजीने तेव्हाच विचारलं होतं, "रानात बोर, बाभूळ, हिवर शेजारी-शेजारी येतात. तुमचं रान असं एकसारखं कसं, दादा?" मी हसून सोडून दिलं.

वाळलेली झाडं उपटली तेव्हा कळलं. सगळ्यांची मुळं एकाच थरात, एकमेकांत गुंतलेली. इथे पाऊस मुळात कमी, उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, मुळं तोडते. तेवढ्याच ओलीवर सारी तुटून पडलेली.

चीनच्या जिआंग्शी प्रांतातल्या प्रयोगाचा निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाला. 16 जाती एकत्र लावलेल्या रानाने 8 वर्षांत सरासरी एकजातीय रानाच्या दुपटीहून जास्त कार्बन साठवला. आपलं चंदन तर शेजाऱ्याच्या मुळांना मुळं जोडूनच वाढतं. शेतकरी त्याच्याजवळ तूर लावतात ती त्यासाठीच.

यंदा कडुनिंब, करंज, बाभूळ, बोर, हिवर, 15 फुटांवर. करंज-बाभळीच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळतं. फोटोत विरळ दिसेल, रागावू नका. पहिले 3 उन्हाळे टँकरचे पैसे मात्र लागतील.