दगडातील पाने



मी सातवीपर्यंत शिकलेली. चार बायकांत उभे राहून बोलण्याची सवय नाही. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

माझ्या थोरल्या मुलीला वनस्पतिशास्त्र शिकायचे आहे, तेही दगडात सापडणाऱ्या झाडांचे. मी म्हटले, "दगड फोडून का पोट भरते?" तिने वाद घातला नाही. डॉ. बिरबल साहनी यांचे चरित्र आणून रोज दुपारी मला वाचून दाखवले. तेच आज सांगते.

साहनींचा जन्म १८९१ सालचा, पंजाबातील भेरा गावचा. ते गाव आता पाकिस्तानात आहे. केंब्रिजला शिकून १९२१ साली ते लखनऊ विद्यापीठात आले. गाळात दबलेल्या पानाचा ठसा दगडावर राहतो. कधी खनिजाचे पाणी मुरून लाकडाचाच दगड होतो. त्याची चकती कापून, सहाणेवर चंदन उगाळावे तशी घासत घासत इतकी पातळ करायची, की तिच्यातून उजेड यावा. मग सूक्ष्मदर्शकाखाली कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडाची पेशी न् पेशी दिसते! नागपूरच्या उत्तरेस छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान आहे. तेथे लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या जुन्या गाळात अशा वनस्पती सापडल्या. त्यांचाही साहनींनी अभ्यास केला. १९३६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सभासद करून घेतले.

पण माझ्या मनात घर केले ते त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी. या शास्त्रासाठी संस्था काढायची म्हणून पतिपत्नींनी आपली पुंजी, पुस्तके आणि जमवलेले दगड देऊन टाकले. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली. ती शिलाही साध्या दगडाची नव्हे. तिच्यात असे जीवाश्मच बसवले होते. आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच साहनी गेले.

भगिनींनो, पायाचा दगड तेवढा बसलेला आणि कर्ता पुरुष गेलेला! त्या बाई शास्त्रज्ञ नव्हत्या. पण त्यांनी संस्थेचा भार उचलला, इमारत उभी केली आणि १९५३ साली नेहरूंच्याच हस्ते तिचे उद्घाटन झाले. १९६९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. संस्था आजही लखनऊला चालू आहे.

चरित्र संपले त्या दिवशी मी मुलीला म्हटले, "घे तुझा विषय. घरच्यांना मी सांगते." शास्त्र मला कळत नाही, पण शिकणारीच्या पाठीशी उभे राहणे कळते. ते आपल्यापैकी कोणालाही जमेल.